मंगळ ३९ दिवसांत का गाठता येत नाही? रॉकेटचा वेग आणि प्रवासाच्या वेळेचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही तक्ता करताय: ग्रह, त्याचं अंतर, रॉकेटचा वेग, लागणारा वेळ. न्यू होरायझन्स हे यान ताशी साधारण ५८,५०० किलोमीटर वेगाने पृथ्वीवरून सुटलं. मंगळ जवळात जवळ येतो तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो. भागाकार केला की ३९ दिवस येतात. मग मंगळयानाला २९८ दिवस का लागले? अपोलो ११ तीन दिवसांत चंद्रापाशी पोचलं आणि चांद्रयान-३ ला उतरायला चाळीस दिवस लागले, म्हणजे आपली रॉकेटं हळू आहेत का? आणि माणसाला दोन महिन्यांत मंगळावर नेणं कधी जमेल का?

तुमच्या भागाकारात चूक नाही. गडबड ‘रॉकेटचा वेग’ या रकान्यात आहे. एक्सप्रेस-वेने पुण्याहून मुंबईला जाताना अंतर भागिले वेग हे चालतं, कारण मुंबई जागची हलत नाही, इंजिन सतत चालू असतं आणि पोचल्यावर ब्रेक दाबला की गाडी थांबते. अंतराळात यातलं काहीच नसतं. मंगळ स्वतः सेकंदाला २४ किलोमीटरने पळत असतो, महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात यानाचं मुख्य इंजिन जेमतेम काही मिनिटं चालतं, आणि थांबायचं म्हटलं तर त्यासाठी वेगळं इंधन घरूनच न्यावं लागतं. म्हणून कक्षांचं गणित करणारे ‘यान किती वेगाने जातं’ असं विचारत नाहीत. आम्ही विचारतो, वेगात एकूण बदल किती करायचाय? त्याला डेल्टा-व्ही म्हणतात, आणि इंधनाचं बिल त्यावर ठरतं. प्रवासाला किती दिवस लागायचे हे त्या बिलात बसवून आपण निवडतो.

आता वेग कशाच्या मानाने, ते बघू. इथून पुढचे वेगाचे आकडे सेकंदाला किलोमीटर असे आहेत. पृथ्वीसकट आपण सगळे सूर्याभोवती २९.८ वेगाने फिरतोय. व्हॉयेजर-१ चा वेग सूर्याच्या मानाने सुमारे १७ आहे, म्हणजे पृथ्वीपेक्षा कमी. त्यामुळे दरवर्षी काही महिने पृथ्वी त्याच्या दिशेने जात असते आणि आपल्यातलं अंतर चक्क कमी होतं. पार्कर सोलर प्रोब २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याजवळून १९२ वेगाने गेलं, पण तो वेग इंजिनाने दिलेला नाही, सूर्याकडे पडताना तो आपोआप मिळतो. हे तिन्ही आकडे एका रकान्यात टाकले तर तक्ता निरर्थक होतो. आदित्य-एल१ चं उदाहरण तर पुणेकरांना जवळचं, कारण त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत घडली. २ सप्टेंबर २०२३ ला सुटून ते १२६ दिवसांनी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ या बिंदूपाशी स्थिरावलं. भागाकार केला तर ताशी जेमतेम ५०० किलोमीटर येतात. हा वेग त्या यानाने कुठल्याच टप्प्यावर ‘धरला’ नव्हता.

न्यू होरायझन्सचा १६.२६ (म्हणजेच तुमचे ताशी ५८,५००) हा आकडा खरा आहे, पण तो पृथ्वीच्या मानाने आणि इंजिन बंद झालं त्या क्षणाचा. त्यानंतर पृथ्वी मागे ओढतेच. तिच्या पकडीतून सुटल्यावर पृथ्वीच्या मानाने सुमारे १२.६ उरले, आणि तिथून पुढे सूर्य ओढत राहिला. वाटही सरळ नव्हती, सूर्याभोवतीच्या वळणाची होती. परिणामी मंगळाची कक्षा ओलांडायला त्याला ७८ दिवस लागले, तुमच्या ३९ च्या बरोबर दुप्पट. त्या वेळी मंगळ तिथे नव्हता, आणि असता तरी यानाला थांबता आलं नसतं. ४७८ किलोचं ते यान ताकदवान अ‍ॅटलस रॉकेटवर ठेवून वेग मिळवला होता, आणि थांबायची सोयच ठेवली नव्हती. साडेनऊ वर्षांनी प्लूटोपाशीही ते न थांबता जवळून निघून गेलं.

मंगळाचा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. ग्रहांच्या कक्षा गोल आणि एकाच पातळीत आहेत असं तात्पुरतं धरा. सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे अशी लंबवर्तुळाकार कक्षा, जिचं एक टोक पृथ्वीच्या कक्षेला आणि दुसरं मंगळाच्या कक्षेला टेकतं. हिला होमान कक्षा म्हणतात. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर १ धरलं तर मंगळाचं १.५२४. दोन्हींची सरासरी १.२६२. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार याचा दीड घात घ्या, १.४१८ येतो. ही झाली वर्षांत पूर्ण फेरी. आपल्याला अर्धीच जायचीय, म्हणजे ०.७०९ वर्षं, म्हणजे २५९ दिवस. लक्षात घ्या, या हिशोबात रॉकेटचा वेग कुठेच आला नाही.

या २५९ दिवसांत मंगळ आपल्या कक्षेत १३६ अंश पुढे सरकतो. यान १८० अंश फिरून पोचणार. म्हणून निघताना मंगळ आपल्यापुढे ४४ अंशांवर हवा. अशी मांडणी साधारण ७८० दिवसांनी एकदा येते, म्हणून मंगळाच्या मोहिमा सव्वीस महिन्यांच्या अंतराने झुंडीने निघतात. जुलै २०२० मध्ये अमिरातीचं होप, चीनचं तिआनवेन-१ आणि नासाचं पर्सिव्हरन्स एकाच महिन्यात सुटली आणि तिन्ही फेब्रुवारी २०२१ मध्ये पोचली. रॉकेट वेगवेगळी, पण वेळापत्रक ग्रहांनी ठरवलेलं.

‘आपली रॉकेटं हळू’ याचं उत्तर इथेच मिळतं. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला पीएसएलव्हीवर सुटलं, पृथ्वीभोवती घिरट्या घालत १ डिसेंबरला मंगळाच्या वाटेला लागलं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं. त्याच हंगामात नासाचं मेव्हन मोठ्या अ‍ॅटलसवर १८ नोव्हेंबरला थेट मंगळाकडे निघालं आणि २२ सप्टेंबरला पोचलं. म्हणजे त्याला ३०८ दिवस लागले, आपल्यापेक्षा दहा जास्त. मंगळाची खरी कक्षा लांबट आणि किंचित कललेली आहे, त्यामुळे त्या वर्षी स्वस्तातली वाट २५९ पेक्षा लांब होती. दोघांनी जवळपास तीच घेतली.

मग जास्त वेगाने निघालं तर? हाच या सगळ्यातला खरा मुद्दा, म्हणून जरा सावकाश बघू.

३०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत यान ७.७३ वेगाने फिरत असतं. त्या उंचीवरचा मुक्तिवेग, म्हणजे पृथ्वीच्या पकडीतून कायमचं सुटायला लागणारा किमान वेग, १०.९३. होमान वाटेला लागायचं तर पृथ्वीच्या पकडीतून सुटल्यावर यानाकडे पृथ्वीच्या मानाने २.९५ उरायला हवेत. यासाठी कक्षेतला वेग ११.३२ करावा लागतो, म्हणजे इंजिनाने ३.५९ ची भर घालायची. मुक्तिवेगाच्या वर फक्त ०.३९ जास्त दिले आणि लांब गेल्यावर २.९५ हातात आले, हे बघून पहिल्यांदा सगळेच दचकतात. कारण साधं आहे: ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, त्यामुळे आधीच जोरात जात असताना, पृथ्वीच्या अगदी जवळ जाळलेलं इंधन सगळ्यात जास्त कामाला येतं. म्हणूनच इंजिन शक्य तितकं पृथ्वीजवळ पेटवतात.

आता निघतानाचं माप थोडं वाढवू. ३.५९ ऐवजी ३.७५ दिले, तर मंगळाची कक्षा २५९ ऐवजी १७८ दिवसांत गाठता येते. ०.१६ जास्त मोजून ८१ दिवस वाचले, फारच स्वस्त. ४.२९ दिले तर १२९ दिवस. वाटतं, अजून वाढवत जावं.

पण पोचतानाचं बिल बघा. होमान वाटेने गेलं तर यान मंगळाजवळ त्याच्या मानाने २.६५ वेगाने येतं. १७८ दिवसांच्या वाटेने ५.१, आणि १२९ दिवसांच्या वाटेने जवळपास ९. कारण आता वाट मंगळाच्या कक्षेला नुसती टेकत नाही, तिला आडवी छेदून जाते. मंगळापासून ३०० किलोमीटरवर इंजिन पेटवून त्याच्या गुरुत्वात जेमतेम अडकायचं, तरी पहिल्या वाटेला ०.६८, दुसरीला २.२० आणि तिसरीला ५.३७ इतका ब्रेक लागतो. निघताना ०.७ वाढवले आणि पोचताना ४.७ जास्त भरावे लागले.

याचं इंधनात रूपांतर त्सिओल्कोव्स्कीच्या १९०३ च्या सूत्राने होतं: डेल्टा-व्ही भागिले नोझलमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग, हा भागाकार ई (सुमारे २.७१८) या संख्येचा घात म्हणून घ्या. येतं ते इंधनासकटचं वजन भागिले इंधन संपल्यावरचं वजन. निघताना द्रव हायड्रोजन-ऑक्सिजनचं क्रायोजेनिक इंजिन धरू, वायूचा वेग ४.३४. इस्रोच्या सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनाचा आकडा याच घरातला आहे. ते इंधन महिनोन्‌महिने साठवता येत नाही, उकळून जातं, म्हणून पोचताना साठवता येणारं द्रव इंधन, वेग ३.१. टाक्या आणि इंजिनांचं वजन सोडून दिलं, तरी मंगळाच्या पकडीत १ टन पोचवायला पृथ्वीच्या कक्षेत २५९ दिवसांच्या वाटेसाठी सुमारे २.९ टन लागतात, १७८ दिवसांसाठी ४.८ आणि १२९ दिवसांसाठी १५. प्रत्यक्षात टाक्यांचं वजन धरल्यावर तिसरा पर्याय आणखी हाताबाहेर जातो. आणि हे सगळं ३०० किलोमीटर वर नेऊन ठेवायलाच हवेचा विरोध आणि गुरुत्वाशी झगडणं धरून ९.४ च्या आसपास डेल्टा-व्ही खर्च झालेला असतो. पहिले ३०० किलोमीटर पुढच्या कोट्यवधी किलोमीटरपेक्षा महाग आहेत.

हे सूत्र फार निष्ठुर आहे. डेल्टा-व्ही दुप्पट केला की वजनाचं गुणोत्तर दुप्पट होत नाही, त्याचा वर्ग होतो. म्हणून इंधनातली थोडीशी सुधारणाही मोलाची असते. पुण्यात सुतारवाडीच्या एचईएमआरएलसारख्या संरक्षण प्रयोगशाळांत घन इंधनावर वर्षानुवर्षं काम चालतं, किंवा पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला रॉकेटच्या बूस्टरची पोलादी कवचं बनवताना जाडीचा हिशोब इतका काटेकोर असतो, ते यासाठीच. घन इंधनाच्या वायूचा वेग २.६ ते २.८, रॉकेल-ऑक्सिजनचा ३.३ च्या आसपास, हायड्रोजन-ऑक्सिजनचा साडेचारपर्यंत. रासायनिक इंधनात यापलीकडे फार जागा नाही.

ब्रेकचं इंधन वाचवायचा एक मार्ग आहे, मंगळाच्या हवेवर घासून थांबायचं. पर्सिव्हरन्सने तेच केलं. २०३ दिवसांचा प्रवास करून ते सुमारे ५.४ वेगाने हवेत शिरलं आणि बहुतेक वेग उष्णतारोधक कवचाने खाल्ला. इथेही वाट लहान केली की किंमत वाढते. हवेत शिरण्याचा वेग होमान वाटेला साधारण ५.५, १७८ दिवसांच्या वाटेला ७ आणि १२९ च्या वाटेला १०. कवचावर येणारा उष्णतेचा मारा ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणजे अनुक्रमे एक, दोन आणि सहा पट. मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, त्यामुळे जड यानाला तेवढ्यात थांबवणं हा आणखी वेगळा डोकेदुखीचा विषय आहे.

इथवर आलेलं एकत्र सांगायचं तर, वेळ कमी करता येतो, निघताना तो स्वस्तही पडतो, पण खरं बिल पोचताना येतं. ज्यांना थांबायचंच नसतं ती यानं म्हणूनच सगळ्यात वेगवान वाटतात. तुमच्या तक्त्यात ‘रॉकेटचा वेग’ खोडून तिथे ‘निघतानाचा डेल्टा-व्ही’ आणि ‘पोचतानाचा डेल्टा-व्ही’ असे दोन रकाने करा, आणि यान जवळून गेलं, कक्षेत थांबलं की खाली उतरलं, हे शेजारी लिहा.

चंद्राकडे वळू. इथे गैरसमज जास्त आहेत, कारण चांद्रयानाच्या वेळी टीव्हीवर रोज ‘वेग’ दाखवत होते. अपोलो असो की चांद्रयान, पृथ्वीजवळून चंद्राच्या वाटेला लागताना वेग १०.९ च्या आसपासच असतो. त्यात मोठा फरक करायला जागाच नाही. नेमका चंद्रापर्यंत पोचेल एवढाच वेग दिला तर जवळपास पाच दिवस लागतात. त्यावर सेकंदाला फक्त ९० मीटर आणखी दिले की मुक्तिवेग होतो आणि तेच अंतर सुमारे ५१ तासांत कापलं जातं. १९५९ मध्ये सोव्हिएत लुना-१ तर याहून जोरात जाऊन ३४ तासांत चंद्राजवळून निघून गेलं, तेही न थांबता. अपोलोने मधली, तीन दिवसांची वाट घेतली. सुरुवातीच्या अपोलो मोहिमांत वाट अशी आखलेली असे की इंजिन पेटलंच नाही तर चंद्राला वळसा घालून यान आपोआप पृथ्वीकडे परतावं.

चांद्रयान-३ ची चाळीस दिवसांची फोड केली की चित्र स्पष्ट होतं. १४ जुलै २०२३ ला एलव्हीएम-३ ने ३,९०० किलोचं यान जवळचं टोक साधारण १७० आणि लांबचं ३६,५०० किलोमीटर उंचीवर असलेल्या लांबट कक्षेत सोडलं. तिथून चंद्राच्या वाटेला लागायला सुमारे ०.६६ डेल्टा-व्ही कमी होता. तो यानाच्या स्वतःच्या ४४० न्यूटनच्या इंजिनाने द्यायचा. ४४० न्यूटन म्हणजे ४५ किलो वजन पेलेल एवढा जोर, आणि ढकलायचंय जवळपास चार टनांना. एका दमात पेटवलं तर सुमारे दीड तास जळत ठेवावं लागेल. पण त्या कक्षेत यान पृथ्वीच्या जवळ काही मिनिटंच असतं. दीड तासात ते हजारो किलोमीटर वर जाईल आणि मघाशी सांगितलेला जवळ जाळण्याचा फायदा हातातून जाईल. म्हणून प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपाशी थोडा वेळ पेटवायचं, कक्षेचं लांबचं टोक वर सरकवायचं, पुढच्या फेरीची वाट बघायची. यात १ ऑगस्ट उजाडला. अपोलोच्या वेळी सॅटर्न-५ च्या तिसऱ्या टप्प्याने १,००० किलोन्यूटनच्या आसपास रेटा देऊन हे काम जेमतेम सहा मिनिटांत उरकलं होतं. त्यासाठी जमिनीवरून सुमारे २,९०० टनांचं रॉकेट उडवावं लागलं, एलव्हीएम-३ चं वजन ६४० टन.

प्रत्यक्ष पृथ्वी ते चंद्र हा टप्पा १ ते ५ ऑगस्ट, म्हणजे अपोलोपेक्षा दीड-दोन दिवसच जास्त. उरलेले अठरा दिवस चंद्राभोवतीची कक्षा खाली आणण्यात आणि उतरायच्या जागी सूर्य उगवायची वाट बघण्यात गेले. लँडर सौरऊर्जेवर चालणारा, आणि चंद्रावरचा दिवस आपल्या साधारण चौदा दिवसांचा. २३ ऑगस्टला तिथे सकाळ झाली होती. आधी पोचून उपयोग नव्हता.

जवळच्या प्रवासातही असंच. शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ ला निघाले, नऊ-दहा मिनिटांत कक्षेत होते, पण ४०० किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकाला जोडले जायला २८ तास लागले. २०० किलोमीटरवरची फेरी ८८.५ मिनिटांची, ४०० वरची ९२.५ ची. खालच्या कक्षेत राहून दर फेरीला सुमारे १६ अंशांची पिछाडी भरून काढता येते. निघताना स्थानक किती पुढे आहे, त्यावर वेळ ठरतो. मांडणी जुळली तर सोयूझने हेच काम तीन तासांतही केलंय.

दूरच्या ग्रहांसाठी इंधनाने वेळ विकत घेणं परवडतच नाही, तिथे ग्रहांकडून उधार घेतात. होमान वाटेने नेपच्यूनला साडेतीस वर्षं लागतील. व्हॉयेजर-२ गुरू, शनी आणि युरेनसजवळून वळसे घेत १२ वर्षांत, ऑगस्ट १९८९ मध्ये तिथे पोचलं. ताऱ्यांचं विचारलं नाहीत, पण प्रदर्शनात कोणीतरी विचारेलच: व्हॉयेजर-१ च्या वेगाने प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं, सुमारे ७५,००० वर्षं.

आता माणूस आणि दोन महिने. माणसांसाठी २५९ दिवस कोणालाच नको असतात. नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळ-गाडीच्या प्रवासात मोजलेला किरणोत्सर्ग दिवसाला १.८ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) होता, त्या हिशोबाने १७८ दिवसांची वाट घेतली तर एका बाजूच्या प्रवासात सुमारे १४५ मिलिसिव्हर्ट वाचतात. शिवाय तेवढं अन्न-पाणी कमी. म्हणून मानवी मोहिमांच्या बहुतेक आराखड्यांत एका बाजूचा प्रवास सहा-सात महिन्यांचा धरलेला दिसतो. माझ्या मते रासायनिक इंधनावर यापेक्षा लहान वाट घेण्यात शहाणपण नाही.

साठ दिवस हवेत तर इंजिन सतत चालू ठेवावं लागेल: अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, उरलेल्या अर्ध्यात कमी करायचा. सूर्याचं गुरुत्व आणि ग्रहांची हालचाल बाजूला ठेवून साडेपाच कोटी किलोमीटर धरले, तरी डेल्टा-व्ही ४२ येतो. क्रायोजेनिक इंजिनाला यासाठी वजनाचं गुणोत्तर हजारांच्या घरात लागेल, म्हणजे ते सोडाच. विजेच्या जोरावर भारित कण मागे फेकणाऱ्या आयन इंजिनाच्या वायूचा वेग ३० धरला तर गुणोत्तर चारवर येतं, हे जमण्यासारखं. पण १०० टनांच्या यानाला लागणारा रेटा सुमारे ८२० न्यूटन, आणि तेवढ्यासाठी वीज किमान १२ मेगावॅट. डॉन या यानाच्या आयन इंजिनाचा रेटा ०.०९ न्यूटन होता, आणि अंतराळ स्थानकाची भलीमोठी सौर तावदानंही शे-दोनशे किलोवॅटच्या घरातच वीज देतात. अडचण इंधनाची उरत नाही, १२ मेगावॅटची अणुभट्टी आणि तिची उष्णता बाहेर टाकणारे रेडिएटर त्याच १०० टनांत बसवायची होते. ते जमलं की दोन महिने जमतील.

तक्त्याचे आकडे स्प्रेडशीटमध्ये काढणार असाल तर हमखास कुठे चुकतं ते सांगून ठेवतो. कक्षेची उंची आणि पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर यांत गल्लत होते. सूत्रांत नेहमी केंद्रापासूनचं अंतर घालायचं, म्हणजे ३०० नव्हे, ६,६७८. रॉकेटच्या सूत्रात नैसर्गिक लॉगरिदम लागतो. शीटमधलं एलओजी हे फंक्शन दहाच्या पायाचं उत्तर देतं, एलएन वापरा. इंजिनाचा विशिष्ट आवेग (इंधन किती कामाला येतं याचं माप) सेकंदात दिलेला असेल तर ९.८०६६५ ने गुणल्यावर वायूचा वेग मीटरमध्ये मिळतो. कोन रेडियनमध्ये घाला. ताशी आणि सेकंदाचे वेग एका रकान्यात मिसळू नका.

शीट बरोबर आहे की नाही हे पडताळायला होमान वाटेचे दिवस काढून बघा. शुक्राला १४६, मंगळाला २५९, गुरूला ९९७, शनीला सहा वर्षं यायला हवीत. बुधाला १०५ येतील, आणि मग मुलगी विचारेल की बुधाकडे गेलेल्या नासाच्या मेसेंजरला साडेसहा वर्षं का लागली आणि २०१८ मध्ये सुटलेलं बेपीकोलंबो २०२६ च्या अखेरीस का पोचायचं. पोचतानाच्या रकान्यात बघा: होमान वाटेने बुधापाशी यान ९.६ वेगाने येतं, आणि बुधाला घासून थांबण्याजोगी हवा नाही. एवढा ब्रेक इंजिनाने मारण्याऐवजी मेसेंजर पृथ्वीजवळून एकदा, शुक्राजवळून दोनदा आणि खुद्द बुधाजवळून तीनदा गेलं, दर वेळी थोडी थोडी गती सोडत, आणि मग मार्च २०११ मध्ये कक्षेत शिरलं.